मैदानाचा उरलेला अर्धा

हे मृत्युपत्र फार आधी लिहायला पाहिजे होतं. उशीर झाला, त्याबद्दल नौमान आणि हुस्नबानो, माझ्या दोन्ही लेकरांनो, तुमची माफी मागतो. मागच्या ईदेपासून लिहीन लिहीन म्हणतो आहे. पण कागद समोर घेतला की वाटतं, कागद पुरा झाला तर माझंही काम पुरं झालं असं वर कोणाच्या तरी ध्यानात येईल. म्हणून पेन शोधायचं निमित्त करून उठायचो. आता माझ्या नातीने, अलीजाने, पेन दोरीने टेबलाला बांधून ठेवलं आहे.

हा सगळा कागद कशासाठी, ते आधीच सांगतो, म्हणजे मधेच मला काही झालं तरी घोळ नको. रोडलगतची जी एक एकर जमीन आहे, जिच्यावर आपला फुटबॉल क्लब खेळतो, ती विकली जाऊ नये. बाकीचं सगळं ओघाने आलं आहे.

मी, फकीर मोहम्मद वल्द चांद मोहम्मद, धंदा पिंजारी, शिक्षण मराठी सहावी, वय सत्तरीच्या पुढे (दाखल्यावर कमी आहे, मास्तरांनी माझ्या उंचीवरून टाकलं होतं), राहणार धाड, तालुका व जिल्हा बुलढाणा, राजीखुशीने लिहून ठेवतो की माझी अक्कल जागेवर आहे. मन जागेवर नाही, पण ते कधीच नव्हतं, म्हणून ते हिशेबात धरू नये. मला कोणी फूस लावलेली नाही. उत्तमराव लावायला बघतो, पण उत्तमरावाचं मी ऐकत नाही, हे गावाला माहीत आहे. उत्तमराव म्हणजे माझा शाळेपासूनचा जोडीदार, कपाशीवाला शेतकरी आणि क्लबचा पहिल्या दिवसापासूनचा गोलकीपर.

कलम पहिलं. राहतं घर आणि पुढचं गाद्यांचं दुकान. याबद्दल मला काही ठरवायचा हक्क नाही. शरियतीप्रमाणे नौमानला दोन वाटे, हुस्नबानोला एक. वारसाला मृत्युपत्रातून वरचं काही देता येत नाही असं अलीजा म्हणते. अलीजा नौमानची मुलगी, अकोल्याला वकिली शिकते आणि मला शब्द लिहून देते. तेव्हा नौमानला वरचा मी फक्त सल्ला देऊ शकतो. मागच्या खोलीचे पत्रे पावसाआधी बघ. गॅस बंद केल्यावर परत एकदा बघ. आणि बुलढाण्यात तुझं मोबाईलचं दुकान आहे म्हणून जेवताना मोबाईल बघितलाच पाहिजे असं नाही.

कलम दुसरं. माझी पिंजण, म्हणजे कापूस पिंजायचं धनुष्य. मशीन आल्यापासून ती भिंतीवर आहे. चहूकडे एवढी कपाशी झाली, पण ती ट्रॉलीत बसून थेट जिनिंगला जाते, पिंजाऱ्याच्या दारात थांबत नाही. पिंजणीची तात, म्हणजे तिची आतड्याची दोरी, काढून गोलची जाळी बांधतो असं कटिंगवाला कडूबा तीन उन्हाळे म्हणतो आहे. देऊ नये. तिला हात लावायचा तर आधी नमाजाआधीच्या वुजूसारखे हात धुवावेत, आणि कडूबाचे हात मी पाहिलेले आहेत.

कलम तिसरं. जर्सी. यात क्लबचा इतिहास येतो, तो एकदा लिहून ठेवतो, कारण उत्तमराव तो बाजाराच्या दिवशी दरवेळी वेगळा सांगतो.

बीटीचं बियाणं आपल्याकडे नवंनवं आलं त्या सालची गोष्ट. त्याआधी कपाशीच्या दिवसांत गावातली सगळी पोरं संध्याकाळी पाठीवर फवारणीचा पंप घेऊन शेतात असायची. बीटी आली, अळी मरायला लागली, फवारण्या कमी झाल्या आणि पंप पाठीवरून उतरले. एवढी तरणी पोरं एकदम रिकामी झाली. ती माझ्या दुकानासमोर येऊन बसायला लागली. मला घाबरायला तेवढं पुरे होतं. दुकानात कापूस, आणि ह्यांच्या हातात बिड्या.

त्याच दिवसांत मी गोधड्यांच्या अस्तरासाठी जुन्या परदेशी कपड्यांचा गठ्ठा घेतला होता. सोडला तर आत एकसारखे सदरे. हिरवे, जाड, लांब बाह्यांचे, पाठीवर आकडे आणि छातीवर एक मेंढी. मी कात्री उचलली होती. उत्तमराव तिथे बसलेला होता. म्हणाला, "थांब बे, फकिऱ्या. कापू नको. हे टीमचे कपडे हायेत."

"कोणत्या टीमचे?"

"ज्याच्या अंगात जातीन त्याच्या."

शाळेतल्या अन्नपूर्णाबाईंनी छातीवरचं इंग्रजी वाचून दिलं. हॅडलबरी टाऊन फुटबॉल क्लब. झालं. कपडे फुटबॉलचे निघाले म्हणून गावात फुटबॉल सुरू झाला, आणि नाव फुकट मिळालं म्हणून क्लबाचं नावही तेच ठेवलं. अंगात जाड सदरा, वर आपलं ऊन. पहिल्या संध्याकाळी दोन पोरं चक्कर येऊन पडली. तरी सदरा काढायला कोणी तयार नव्हतं. मी बिड्या विझल्या म्हणून माझी रोडलगतची जमीन खेळायला दिली. मुरमाड होती, कुळीथसुद्धा धड येत नव्हतं.

पुढे बरीच वर्षं उत्तमराव लोकांना सांगत होता की हॅडलबरी ही विलायतेची नंबर एकची टीम आहे आणि तिने राणीच्या समोर कप जिंकलेला आहे. मग अलीजाने फोनवर शोधलं. निघालं असं, की हॅडलबरी हे मेंढ्यांच्या बाजाराचं गाव आहे, धाडएवढंच. त्यांचा क्लब कातडी कमावणाऱ्या कामगारांनी काढला. कोणत्याही मोठ्या लीगमध्ये तो कधी बसला नाही. मैदान एका बाजूला कललेलं आहे, आणि त्यांचा आताचा गोलकीपर दिवसा नळ दुरुस्त करतो.

"म्हणजे ते हरतात?" मी विचारलं.

"बहुतेक वेळा, दादा," अलीजा म्हणाली. आमच्याकडे आजोबाला दादा म्हणतात.

"किती वर्षांपासून?"

"शंभराच्या वर झाली."

उत्तमराव त्या दिवशी जेवला नाही. मला मात्र फार बरं वाटलं. हरत हरत शंभर वर्षं टिकता येतं, हे मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं. आणि अलीजाने पुढचं वाचलं ते ऐकून तर मी चप्पल घालून मैदानात एक फेरी मारून आलो. त्यांचं मैदान एका खाटकाचं होतं. मरताना त्याने ते मृत्युपत्राने क्लबाला देऊन टाकलं, अट एवढीच की त्याच्या मेंढ्या सोमवारी तिथे चरतील. खाटकाला जमतं, तर पिंजाऱ्याला काऊन नाही?

जर्सी क्लबाच्या. त्या वर्षानुवर्षे तुमच्या अम्मीने धुतल्या, प्रत्येक सदऱ्याला वेगळी शिवी देऊन. आता ती नाही, तेव्हा धुणाऱ्याने निदान मेंढी उलटी करून धुवावी, रंग जातो.

कलम चौथं. कापसाचा चेंडू. बाजारातून आणलेल्या पहिल्या चेंडूचा फुगा बाभळीच्या काट्याने फुटला. दुसऱ्या कोणी त्यात नवा फुगा घातला असता. पण चेंडू पिंजाऱ्याच्या दुकानात आला होता, आणि माझ्या धंद्यात रिकामी खोळ दिसली की तिच्यात कापूस भरतात. मी चांगला पिंजून ठासून भरला. हुस्नबानो, तुझं तेव्हा लग्न व्हायचं होतं, तू त्याला गादीसारखे टाके घातलेस. इतका सुबक झाला की कोणाला काही चुकलं असं वाटलंच नाही. तो उसळत नव्हता. आमच्या पोरांनी समजून घेतलं की फुटबॉल उसळत नसतो. दव पडलं की शेळीएवढा जड व्हायचा. त्याच चेंडूवर शिकून आमची टीम बुलढाण्याला गेली. तिथल्या हवेच्या चेंडूने पहिला टप्पा घेतला तेव्हा आमचे अकराच्या अकरा वर बघत उभे राहिले, पतंग बघावा तसे. किती गोल झाले ते लिहीत नाही.

मग जानेफळची टीम जीपने आपल्याकडे आली. चेंडू आपला. त्यांच्या कप्तानाने लाथ मारली आणि पाय धरून खाली बसला. "यात काय दगड हाय काय चाचा?" म्हणे. मी म्हणालो, "नाही बेटा. एच-चार जातीचा कापूस." त्या दिवशी नौमान, तू डाव्या पायाने तो चेंडू सरपटत गोलात घातलास, आणि क्लबाच्या इतिहासातला तो एकमेव विजय आहे. चेंडू हुस्नबानोला द्यावा. वस्तू म्हणून त्याची काही किंमत नाही, त्यामुळे शरियतीची हरकत येऊ नये. आली तर अलीजाने पाहावं.

कलम पाचवं. सीमारेषेवरची कपाशी. बीटीच्या डब्यात एक लहान पाकीट साध्या बियाण्याचं येतं. ते शेताच्या कडेने लावायचं असतं, म्हणजे अळीला तिचं वेगळं खायला राहतं. आपल्याकडे ते कोणी लावलं नाही. पाकिटं बांधावर फेकलेली असायची. फुकटचं बियाणं म्हणून मी ती गोळा केली आणि चुन्याचा खर्च वाचावा म्हणून मैदानाच्या चारी बाजूंनी लावली. चेंडू कपाशीत गेला की बाहेर, एवढा सोपा नियम. पुढे कृषी खात्याचा माणूस आला, त्याने मैदानाचा फोटो काढला आणि म्हणाला की साऱ्या शिवारात नियम पाळलेला हा एकच प्लॉट आहे. फक्त मध्ये पीक दिसत नाही.

ह्या कपाशीची बोंडं उत्तमरावाच्या घरच्या रुखमाबाई वेचतात, मी पिंजून देतो आणि त्या वाती वळतात. हे तसंच चालू राहावं.

कलम सहावं. जानेफळच्या सामन्यात कडूबाने, ज्याचं कटिंगचं दुकान आहे आणि जो आपला पंच होता, आपल्याच मैदानावर आपल्याच विरुद्ध पेनल्टी दिली. ती उत्तमरावाने अडवली म्हणून वाचलो. अडवली म्हणजे चेंडू त्याच्यापर्यंत पोचता पोचता थांबला. तरी ती पेनल्टी मी माफ करीत नाही. कडूबाला ह्या कागदावर साक्षीदार मुद्दाम घेतलं आहे, म्हणजे हे कलम वाचूनच त्याला सही करावी लागेल.

कलम सातवं. मैदान.

शरियतीप्रमाणे माणसाला आपल्या मर्जीने एकूण मिळकतीचा तिसरा हिस्साच कोणाला देता येतो. पूर्वी ह्या मुरमाला कोणी विचारत नव्हतं, तेव्हा ते सहज त्यात बसलं असतं. रोड रुंद झाला आणि पांढऱ्या गाडीतला एक प्लॉटवाला येऊन पायांनी जमीन मोजून गेला, तेव्हापासून घर, दुकान सगळं एका पारड्यात टाकलं तरी मैदानाचं पारडं दुप्पट जड आहे. अलीजाने कागदावर मैदान काढून मधोमध रेघ मारली.

"इथपर्यंत तुमची मर्जी चालते, दादा."

"ही तर मधली रेघ आहे. अर्धं मैदान?"

"अर्धंच."

"एकाच गोलावर कसं खेळतील?"

"दोन्ही टीमनी एकाच गोलात मारायचं," ती म्हणाली. "उत्तमआजोबांना काम वाढेल."

तर माझ्या मर्जीतला अर्धा भाग, पिंपळाच्या बाजूचा, मी क्लबाला देतो. क्लब कुठेच नोंदलेला नाही, म्हणून जमीन क्लबासाठी सांभाळायला उत्तमराव आणि अलीजा यांच्या नावे लावावी. उरलेला अर्धा, रोडच्या बाजूचा, नौमान आणि हुस्नबानोचा. तो क्लबाला राहू द्यायचा तर दोघांची हो पाहिजे.

नौमान, रोडची बाजू मी तुमच्या वाट्याला चुकून ठेवलेली नाही. जानेफळवर तू गोल केलास तो त्याच गोलात. विकायचा तर तोच विकावा लागेल. तिथे प्लॉट पडले की गोलाच्या जागेवर कोणाचा संडास येतो तेही प्लॉटवाल्याला विचारून ठेव.

तू मागच्या महिन्यात म्हणालास ते मी विसरलेलो नाही. "अब्बा, त्या जमिनीत काय उगवते सांगा. पोरं तर सगळी सुरत-पुण्याला गेली. सहा-सात जण खेळतात, त्यातले दोघं म्हातारे." त्या दोघांतला एक मी नाही, मी फक्त ओरडतो. पण तुझं खरं आहे. अळी परत आली, फवारे परत आले, कपाशी पुरेना म्हणून पोरं गेली. तेव्हा काय उगवतं, त्याचं उत्तर इथे लिहितो. तोंडाने सांगायला गेलो तर तू घड्याळ बघतोस.

गुलाबी अळीच्या वर्षी बोंडं वरून चांगली दिसत होती आणि फोडली की आत किडकी. उत्तमरावाने उभ्या कपाशीत रोटाव्हेटर फिरवला. तिसऱ्या दिवशी रुखमाबाई माझ्या दुकानात आल्या. बसल्या नाहीत.

"भाऊ, ते बोलत नाहीत," म्हणाल्या. "जेवतात, पण बोलत नाहीत. रात्रंदिवस त्यांच्यावर नजर ठेवून मी थकली. तुम्ही या आन् त्यांच्याशी भांडा."

मी घाबरट माणूस आहे. वाटेत दोनदा परत फिरलो. त्या वर्षी अशा गप्प घरांतून पुढे काय काय ऐकू येत होतं, ते तुम्हा दोघांना माहीत आहे. उत्तमराव पडवीत बसलेला होता. मी उंबऱ्यातूनच सुरू केलं.

"काऊन बे उत्तम्या, उद्या चिखलीवाले येऊन राह्यले. गोलात कोण उभा राहीन, तुहा बाप?"

काही नाही.

"तसंही तुह्यापेक्षा बुजगावणं बरं. ते निदान हात पसरून उभं राहते."

काही नाही. मला रडू यायला लागलं होतं, म्हणून मी आणखी मोठ्याने ओरडलो. "साऱ्या जिंदगीत एक चेंडू अडवला, तोही आपणच थांबला होता!"

तेव्हा त्याने मान वर केली. "तुह्या बाउंड्रीवरच्याच अळ्या त्या," तो म्हणाला. "फुकटचं बी लावून अळ्या पोसल्या तू. साऱ्या तालुक्याले तू बुडवलं."

"हाव! पोसल्या! काय करशीन?"

"उद्या सांगतो मैदानावर."

दुसऱ्या दिवशी तो आला. चिखलीने इतके गोल मारले की कडूबाने मोजणं सोडलं. उत्तमराव प्रत्येक गोलानंतर मला शिव्या देत होता आणि रुखमाबाई रोडवर उभ्या राहून पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. त्याच्या पुढच्या दिवशीही तो आला, आणि त्याच्या गल्लीतले आणखी दोघं गप्प बसणारे त्याला हसायला म्हणून आले. त्यांनाही आम्ही सदरे दिले.

अळ्यांचं भांडण अजून मिटलेलं नाही. मी ते मिटवणार नाही, आणि माझ्यामागे कोणी मिटवू नये. गरज पडली तर वापरता यावं.

हे उगवतं त्या जमिनीत, नौमान. त्याला जिनिंगवर भाव नाही, पण अर्ध्या मैदानावर ते येणार नाही. उत्तमरावाला बोलवायला मला काहीतरी कारण लागतं, आणि दुसऱ्या टीमला उभं राहायला दुसरा गोल लागतो.

हुस्नबानो, सासरहून, सोनाळ्याहून, तू फोनवर म्हणालीस, "भाई म्हणेल तसं." लहानपणी भाऊ म्हणेल त्याच्या उलटं करायचीस, आणि आताच शहाणी झालीस? तुझा वाटा तुझा आहे. तुझं म्हणणं मला वेगळं ऐकायचं आहे.

ह्याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असतं तर काळजीने आजवर दहादा बदललं असतं. हे वाचून, समजून, अलीजाकडून शुद्धलेखन तपासून, साक्षीदारांसमोर सही करीत आहे.

मुक्काम धाड, तारीख ३ मार्च २०१९

लिहून ठेवणार: फकीर मोहम्मद वल्द चांद मोहम्मद (सही. पेनची दोरी आडवी आली म्हणून दुसऱ्यांदा केली, दोन्ही माझ्याच)

साक्षीदार:

१. कडूबा (सही) – सर्व कलमं वाचली. नौमानचा हात लागला होता. पेनल्टी बरोबर होती.

२. रुखमाबाई (सही) – भाऊंनी आमच्या घरचं लिहिलं ते खरं आहे. मी तिथेच होती.

सह्या झाल्यावर अलीजाला विचारलं की पोरांची हो आताच घेऊन खाली लिहावी का. ती म्हणाली, "दादा, तिसऱ्या हिश्श्याच्या वरचं असलं की वारसांची हो तुम्ही गेल्यावरच धरतात. जिवंतपणी दिलेल्या होला किंमत नाही."

"मग मला कशी कळणार?"

ती खाली बघायला लागली. वकिलीच्या पहिल्या वर्षात हे शिकवत नसावेत.

म्हणून नौमान, हुस्नबानो, सह्यांच्या खाली हे लिहितो, कागदात धरलं नाही तरी चालेल. मी गेल्यावरची हो तुम्ही कायद्याला द्या. त्याच्या आधी मला एक द्या, किंमत नसलेली. फोनवर, तुटक, रागाने कशीही. नाही म्हणायचं असेल तर तेही सांगा, म्हणजे भांडायला मी आहे तोवर भांडून घेऊ. मी फोन उशाशी ठेवतो आहे, आवाज पुरा वाढवून. लवकर कळवा.